साहेबाची लाथ आणि भावजींचा हात

…आणि वर दातांचे डॉक्टर विचारतात, "कशानं पडले?" काय सांगू? वाचनानं! तुम्हाला सांगतो, चार खुर्च्या मोडल्या, खिडकीची काच फुटली, माझे समोरचे दोन दात गेले, आणि हे सगळं कुठं, तर वाचनालयात, ‘शांतता राखा’ या पाटीखाली! अहो, पुस्तकच ना ते!

झालं काय, वाचनालयात नव्या मॅडम आल्यात. त्या म्हणे जुनी पुस्तकं नव्यानं वाचायला शिकवणार. कशी? तर, "परका साहेब राज्य करून गेला, पण त्याची नजर आपल्या डोळ्यांत राहिली. ती काढायची!" काढा बाई! मी गेलो. बरोबर थोरल्या ताईचे यजमान, आमचे भावजी. चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी, मनगट हे एवढं… आणि बोलणं? वर्षाला तीन वाक्यं!

मॅडमनी निवडली कुठली कादंबरी? माझी लाडकी! एका गोऱ्या साहेबानं चहाच्या मळ्यावर बसून लिहिलेली. त्यातला विनोदी प्रसंग मला तोंडपाठ. तीस वर्षं घरातल्या प्रत्येक समारंभात करून दाखवतो, मी साहेब, भावजी स्वयंपाकी, हातात ट्रे. "चहा गार? हरामखोर!" म्हणून लाथ घालायची, बहुतेकदा लटकी, रंगात आलो तर खरी… पोरं गडाबडा लोळायची! भावजीही हसायचे. म्हणजे, मला वाटायचं हसतात.

तर वर्गात मी खणखणीत वाचलं, "स्वयंपाक्याला दोन लाथा घातल्या, आणि मग आम्ही निवांत चहा घेतला." मीच हसलो. मॅडम हसेनात. म्हणाल्या, "तो चहा कोणी आणला?"

अहो, तीस वर्षांत हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता! कोण आणणार? त्यानंच, बरगड्या धरून! पण मी माघार घेतोय होय? म्हटलं, "त्याला काही बोलायचं असतं तर साहेबानं लिहिलं नसतं? पुस्तकच ना ते! विचारा आमच्या भावजींना, ते कधी काही बोललेत?"

भावजी उठले. "आज बोलतो," म्हणाले, आणि बोलले ते सगळं हातानं! पहिली कानाखाली, दुसरी तोंडावर, मी खुर्च्यांवर, खुर्च्या ग्रंथपालांवर, ग्रंथपाल काचेवर! वर्गातले एक निवृत्त मास्तर सोडवायला धावले, तर शेजारच्या बाकावरच्या नर्सबाईंना वाटलं हे साहेबाच्या बाजूचे, त्यांनी शब्दकोशच हाणला! आणि मॅडम टेबलाखालून, "मत छान आहे, पण पान क्रमांक सांगा!"

मारता मारता भावजी रडत होते हो. "माझ्या मुलीसमोर… तीस वर्षं… तुम्ही लाथ घालायचात आणि मी ट्रे सांभाळायचो." तिथं माझं ‘पुस्तकच ना’ संपलं. लाज वाटली. दातांपेक्षा तेच जास्त दुखलं, खरं सांगतो.

परवा घरी गेलो, हात धरले त्यांचे. "भावजी, चुकलो. माफ केलंत ना?" तर म्हणतात, "आधी वर्ग पूर्ण करा, मग बघू." आणि मॅडम म्हणतात, त्या दिवशी झालं ते नुसतं प्रास्ताविक होतं, अजून अकरा तास बाकी आहेत… आणि भावजींनी जागा धरलीय, माझ्याच शेजारची!