कोचीनचं अस्सल जेवण

बोटीच्या सहलीचं नाव काढू नका माझ्यापुढे. अचलपूरचे कापडवाले रशीदभाई अन् अकोल्याचा शाळामास्तर मी, दोघं हौसेनं मुंबईहून बोटीत बसलो. बोट कोचीनला सहा तास थांबणार होती. बोटीवरचं तेच ते पनीर खाऊन जीव विटला होता, म्हणून ठरवलं, तिथलं अस्सल जेवायचं अन् गाव पाहायचं.

रिक्षावाल्याला हिंदीत समजावलं. त्यानं मान हलवली आणि मसाल्याच्या दुकानात नेलं. मग साड्यांच्या. मग लाकडी हत्तींच्या! चार तास गेले.

रशीदभाई भडकले. "अरे मियां, हम खुद कपडा बेचते! तू किधर खाता? वहां ले चल!"

तो मुकाट्यानं स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं मासळीचं कालवण अन् जाड तांदळाचा भात वाढला. पहिल्याच घासाला रशीदभाईंचा राग निवला. तिनं आमचं गाव विचारलं.

"अकोला," मी म्हणालो. "कापसाचा मुलूख."

तिचा हात थांबला. तिचं माहेर वायनाडचं, मिरीच्या मळ्यातलं; तिथंही भाव पडून शेतकरी बुडाले होते. आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तिनं टीव्हीवर पाहिल्या होत्या. तिनं काहीतरी हळूच विचारलं. नवऱ्यानं हिंदीत सांगितलं, "पूछती है, इस साल कपास को भाव मिला क्या?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं मासळीची आणखी एक तुकडी वाढली, अन् जेवणाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

बोट जेमतेम गाठली. शिडी चढताना रशीदभाई म्हणाले, "गुरुजी, हेच आयकाचं होतं त अकोल्याच्या यष्टी स्टँडवरच बसलो असतो नं! समुद्रात कायले आणलं मले?"