जाफरच्या लेकीचं हैदराबादी नाव

...आणि वर नाव काय काढलं बाईनं, तर म्हणे शफक! आता तुम्हीच सांगा, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचं परकारांचं घर, जिथे सात पिढ्या खतिजा, झुलेखा, यूसुफ, झहूर यांच्यापलीकडे कुणी पाऊल टाकलं नाही, तिथे शफक हे काय नाव झालं? जाफरला आधी ते खोकल्याचं औषधच वाटलं. तर त्याची बायको सुरैया शांतपणे म्हणते कशी, शफक म्हणजे संध्याकाळची लाली, हैदराबादेत हुसेनसागर तलावावर पसरते ती. मुलगी झाली तर शफक, मुलगा झाला तर शहराच्या नावावरून हैदर, आणि शफक अगदीच नको असेल तर दुरदाना, म्हणजे मोती, कारण तिथे चारमिनारजवळ मोत्यांचा बाजार आहे! अहो, ही बाई बसलीय कुठे, तर कुवेतला, फिंतासच्या किनाऱ्यावर, जिथल्या म्हाताऱ्यांचा अर्धा जन्म समुद्रात बुड्या मारून मोती काढण्यात गेला... आणि हिला मोती आठवतात ते हैदराबादचे! झालं, जाफरच्या डोक्यात किडा वळवळला तो तिथेच. हैदराबाद आलं कुठून?

कारण, तुम्हाला सांगतो, सुरैयानं उभ्या जन्मात मोठं शहर पाहिलं ते मुंबई, तेही आगबोट पकडण्यापुरतं. माहेर रत्नागिरी, वडील उर्दू शाळेत मास्तर, तिथून सासर, सासरहून दोन वर्षांनी कुवेत. यात हैदराबाद बसतं कुठे? आणि जाफरचा पेशाच संशयाचा हो! अहमदीला तेल कंपनीच्या गोदामाच्या गेटवर वॉचमन. सुटी झाली की येईल त्याचा डबा उघडून बघायचा, पाना गेला का, पक्कड गेली का, खालच्या पुडात भातच आहे ना... वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन पातेल्याचं झाकणसुद्धा सरळ मनानं उचलत नाही.

तर चौकशी सुरू झाली. पहिला सापडला दवाखान्यातला कंपाउंडर अशरफ. सुरैयाला गोळ्या देताना तो एकदा "नक्को, पानी के साथ लेव" असं हैदराबादी ढंगात म्हणाला होता, एवढा पुरावा जाफरला पुरे. दोन दिवस त्याच्यावर पाळत ठेवली, तिसऱ्या दिवशी गाठून विचारलं, गाव कुठलं? तर निघाला औरंगाबादचा, आणि वर जाफरलाच पोटाची तक्रार आहे की काय म्हणून तपासायला लागला. मग संशय गेला शेजारच्या नूरजहाँच्या रेडिओवर. जाफर संध्याकाळभर भिंतीला कान लावून उभा राहिला. ऐकलं काय, तर अरबी बातम्या आणि नूरजहाँनं नवऱ्याला घातलेल्या शिव्या. मान अवघडली, पण हैदराबाद आलं कुठून ते काही कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, नावच ते, ठेवून टाकायचं, एवढं काय? पण तसं नव्हतं. जाफरची आई खतिजा आदल्या वर्षी गावी वारली, सुरैया कुवेतला यायच्या थोडं आधी, तेव्हा हा इथे गेटवर उभा राहून लोकांचे डबे तपासत होता. तार पोचली तेव्हा तिचा तिसरा दिवससुद्धा उलटला होता. आईच्या मातीला जाता आलं नाही हे त्याला फार लागलं, अगदी आतून लागलं. त्यानं मनाशी ठरवलं, पहिली मुलगी झाली की तिचं नाव खतिजा. गावी बहिणीला, फखरुन्निसाला, तसं कळवूनही टाकलं आणि तिनं साऱ्या मोहल्ल्याला सांगूनही टाकलं. आणि आता मध्येच हे शफक!

मुलगी झाली. छान गुबगुबीत, आवाज तर असा की नूरजहाँचा रेडिओ गप्प बसावा. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बारशाचा बोकड, त्याच दिवशी नाव. सहाव्या दिवशी जाफरनं कमरेवर हात ठेवून, गेटवरच्या आवाजात, विचारलं, "ही नावं तुझ्या डोक्यात कुणी घातली?"

सुरैया म्हणाली, "तुमीच."

आणि पत्र्याची ट्रंक उघडून तिनं पत्रांचा गठ्ठा काढला. ही पत्रं म्हणजे, तुम्हाला सांगतो, जाफरची दुखरी नस. तो शिकला मराठी शाळेत, चार यत्ता. सुरैया उर्दू शाळेतली, मास्तरांची मुलगी. लग्न ठरताना मास्तरांनी विचारलं, मुलाला उर्दू येतं ना? जाफरच्या चाचानं छातीवर हात ठेवून सांगितलं, फाड फाड! मग काय करणार बिचारा? सुरैया गावी असताना दोन वर्षं तिला पत्रं गेली ती अहमदीच्या खोलीतल्या जोडीदाराच्या हातची. हुसेन टेलर. मूळचा कुठला, ते तुमच्या आता लक्षात आलंच असेल! जाफर खाली उर्दूत चार अक्षरांची सही तेवढी काढायचा, हीच सही घोटायला त्याला महिना लागला होता. वर काय लिहिलंय, हे त्यानं कधी विचारलं नाही. गेटवर लोकांच्या भातात बोट घालणारा माणूस, स्वतःच्या पत्राचं झाकण काही त्यानं कधी उघडलं नाही!

सुरैयानं एक पत्र त्याच्या हातात दिलं, "वाचा." जाफरनं भुवया आवळल्या, कागद लांब धरला, जवळ धरला, डोळे दुखतात म्हणाला. तिनं त्याच्या हातातला कागद फिरवून सुलटा केला. मग स्वतःच वाचायला लागली.

आई गेली त्या आठवड्यातलं पत्र होतं ते. त्यात होतं की लेक झाली तर आईचं नाव ठेवू नकोस, त्या नावानं पोरीला कधीतरी रागवावं लागेल आणि ते मला जमायचं नाही. शफक ठेव. आमच्या हुसेनसागरावर जी लाली उतरते तीच त्या वेळी तुमच्या खाडीवर असते, आईच्या कबरीवरही असते, आणि मी इथून तेवढंच बघू शकतो.

शाई मधेच फुटून पसरली होती, त्या डागावर बोट ठेवून सुरैया म्हणाली, "अक्षर हुसेनभाईंचं आहे, इथं आल्यावर त्यांची शिलाईची चिठ्ठी बघून मना पहिल्याच महिन्यात कळलं. पण ह्ये पानी तुमच्या डोळ्यांतलं ना?"

जाफर तसाच उठला आणि अहमदीला हुसेनच्या मशीनपुढे जाऊन उभा राहिला. माझ्या बायकोला तुझं गाव कशाला पाठवलंस, म्हणून भांडायला! हुसेननं दोरा तोडला आणि म्हणाला, "तू बोला, कुछ भी लिख दे. फिर घंटाभर रोता बैठा. मेरेकू रोना एकीच शहर का आता, वो लिख्या मैं." आता या माणसाशी भांडायचं तरी कसं?

अकीका झाला. नाव ठेवलं शफक. फखरुन्निसा मात्र मराठी शाळेतली, तेव्हा तिचं पत्र जाफरला स्वतःच लिहावं लागलं. शुक्रवारच्या नमाजानंतर बसला तो तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत, चार कागद फाडले आणि पाचव्यावर लिहिलं, "मुलीचं नाव शफक ठेवलं. कारण लिहिता येत नाही. आईला राग यायचा नाही असं वाटतं."

महिन्यानं बहिणीचं उत्तर आलं, चांगलं दोन पानी. आईचं नाव टाकलंत ते टाकलंत, पण हे असले शब्द तुझ्या बायकोला शिकवतो कोण? परमुलखात आहेस, नोकरीवर जातोस, घरावर जरा नजर ठेव. कुणीतरी तिसरा माणूस आहे हो यात, त्याचं नाव मला उलट टपाली कळव.

जाफरनं पोरीला मांडीवर घेतलं, पेन उघडलं आणि उलट टपाली कळवलं, "मीच."