रस्ता ओलांडून हॉस्टेलला

नाही, पण झोप येणार कशी, तुम्हीच सांगा! काल रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर, शेजारी आमची चिंगी, साडेचार वर्षांची, माझ्या पोटावर पाय टाकून घोरतेय, आणि मी छताकडे बघत विचार करतेय... हिला उद्या नर्स व्हावंसं वाटलं तर? डॉक्टर तर सोडाच, तो शब्द मी घरात उच्चारतच नाही, पोरीच्या कानावर पडायला नको! लोक मुलांपासून शिव्या लपवतात, मी व्यवसाय लपवते. हसू नका. तुमच्या घरात एक तरी हुशार मूल जन्माला येऊ दे, मग बघते तुमचं हसणं!

आमच्याकडे आलं ना जन्माला! माझी नणंद. जरा मठ्ठ निघाली असती तर... पाप लागेल मला, पण येतं हो मनात. नर्सिंगला नंबर लागला तिचा, आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी, असल्या सगळ्या अभ्यासक्रमांची फी निम्म्यावर! बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती इतक्यांदा मोठ्यानं वाचली की भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला पाठ झाली. "निम्म्यावर! ऐकलंस का सूनबाई, निम्म्यावर!" आणि खोटं कशाला बोलू? फी कमी झालीच आहे हो, फी कमी झालीच आहे!

फक्त कॉलेजच्या खिडकीवर गेलो, तर आतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "ही फी. आणि हे बाकीचं."

बाकीचं! विकास निधी... कोणाचा विकास ते विचारायचं नाही. पोहण्याच्या तलावाचा निधी, तलाव मात्र व्हायचाय, सध्या खड्डा आहे, आणि त्यात उतरायला बंदी. युनिफॉर्म घ्यायचा तो त्यांच्याच दुकानातून, शिलाई अशी की एकदा शिंकलं तर बटण समोरच्याच्या डोळ्यात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, इथे मोत्याखाली नाकच दिसेना! आणि वर काय, तर...

"हॉस्टेल सक्तीचं."

मी म्हटलं, "अहो ताई, आमचं घर समोरच आहे. ते बघा, निळं दार, दोरीवर टॉवेल वाळतोय ना, तेच."

त्यांनी बघितलं हो! पहिल्यांदाच मान वर केली आणि नीट बघितलं. "छान आहे घर. हॉस्टेल सक्तीचं. बसही."

"बस? हॉस्टेल तर कॉलेजच्या आवारातच आहे ना?"

"बस बाहेरून येणाऱ्यांसाठी."

"पण हॉस्टेल सक्तीचं म्हटल्यावर बाहेरून येणार कोण?"

"म्हणून तर बसला गर्दी नसते," त्या म्हणाल्या. "पुढचे या!"

भरलं. पहिल्या सहामाहीचं सगळं भरलं, काय करणार, नंबर गेला असता ना पुढच्या मुलीला. पण आमची माणसं! पैसे भरलेत म्हटल्यावर वसूल करायला नकोत? आईंनी, सासूबाईंनी, लेकीला घरी जेवायची बंदी केली. "तिकडे भरलेत ना? मग तिकडेच गिळ!" आणि मग स्वतःच रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून रस्त्यापलीकडे ओरडणार, "जेवलीस काऽऽ?" तिकडून दुसऱ्या मजल्यावरून आवाज, "भाजीत नुसतं पाणी आहे गंऽऽ!" "मग पी! त्याचेही पैसे भरलेत!"

आणि बाबा? बाबांनी बसचा हट्ट धरला. कॉलेज फाटकाच्या आत, हॉस्टेल फाटकाच्या आत, तरी ही पोरगी रोज सकाळी त्या रिकाम्या बसमध्ये बसते, बस अख्ख्या गावाला वळसा घालते आणि तिला परत त्याच फाटकात आणून सोडते! मी म्हटलं, बाबा, अहो कशाला? "सोडायचं म्हणजे? आपण काय धर्मशाळा काढलीय?" आता ती बसमध्ये हाडांची नावं पाठ करते, मोठ्यानं, ड्रायव्हरलाही निम्मी पाठ झालीत. त्याच्याकडून फी घेत नाहीत एवढंच. कळलं तर घेतील. कमी करून घेतील हो, फी कमी झालीच आहे!

आणि काल निरोप आला. परीक्षेला बसायचंय? मग दुसऱ्या सहामाहीचं बाकीचं उद्या संध्याकाळच्या आत आणा, नाहीतर वर्ष वाया. नणंदेनं हॉस्टेलच्या खिडकीत हाडांचं पुस्तक मिटून ठेवलं.

घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेली आहेस, तू जा, तू बोल." शिकलेली! भूगोल घेऊन बी.ए. झालेय मी. कुठली नदी कुठून निघून कुठे जाते ते झोपेत सांगेन, पण पैसा कुठून निघून कुठे जातो ते कुठल्या नकाशात होतं? तरी आरशासमोर उभं राहून भाषण तयार केलं, असं भाषण, असं भाषण... आरसाच घाबरला! आज सकाळी चिंगीला कडेवर घेतलं आणि थेट प्राचार्यांसमोर.

ते इतके गोड हसले. "ताई, आम्ही फी कमी केलीय. देशाला परिचारिकांची फार फार गरज आहे."

गरज! मला सांगतात? चिंगीच्या वेळी मी सरकारी दवाखान्यात होते, अख्ख्या वॉर्डाला एक नर्स, एक! मी किंचाळतेय आणि ती पलीकडच्या खाटेवरून सांगतेय, "बाई, दम धर गं, मला दोनच हात आहेत!" तिचाही आवाज रडका झालेला. आणि इथे हात तयार आहेत, शिकायला उभे आहेत, आणि त्यांना म्हणतात आधी तलावाचे पैसे टाका! देशाला गरज आहे ना, मग देशानं भरावेत की! माझ्या नणंदेनं देशाची गरज भागवायची आणि वर देशालाच पैसे मोजायचे? हे सगळं मी त्यांना तोंडावर ठणकावून सांगितलं असतं.

सांगितलं काय? "थँक्यू सर."

थँक्यू! अहो, कशाबद्दल? भांडायला गेले आणि आभार मानून आले! वर चिंगीला म्हटलं, सरांना टाटा कर.

मग काय, ह्यांनी दुपारी स्कूटर विकली. आमचे हे प्लंबर, त्या स्कूटरवर पाइप बांधून गावभर हिंडायचे. "जाऊ दे गं," म्हणाले, "चालणं तब्येतीला चांगलं." म्हणजे उद्यापासून बघा, खांद्यावर पाइप घेऊन भाऊ पायी चाललाय, आणि शेजारून चाळीस सीटांची रिकामी बस चाललीय, आत एकटी बहीण! जिला बस नको तिला बस, ज्याला गाडी हवी तो पायी!

खिडकी बंद व्हायच्या आत गेले. भर उन्हात ही रांग, घामाच्या धारा, पुढची बाई बांगड्या काढून पिशवीत टाकतेय, कोणाचे वडील परत परत तेच विचारताहेत, "पण फी तर कमी झाली ना?" आतून तोच आवाज, "फी कमीच आहे. हे बाकीचं." भरलं. प्रवेशपत्र घेतलं. आणि बघते तर चिंगी माझ्या खांद्यावरून त्या खिडकीकडे टक लावून बघतेय, मगासपासून, डोळे एवढाले. लागलं वाटतं वेड शिकायचं. रांगेतून बाहेर आले, खाली उतरवलं, म्हटलं, आज ना उद्या ऐकायचंच आहे, विचारून टाकते. "चिंगे... तुला मोठेपणी आत्यासारखं शिकून नर्स व्हायचंय का गं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग... डॉक्टर?" मीच म्हटलं हो, माझ्या तोंडानं!

"नाही," म्हणाली. "मला त्या खिडकीच्या आत बसायचंय. तिथे पंखा आहे."