एक असलं की दाखवायचं नाही

...हसा, हसा! गाल कोणाचा सुजलाय? माझा! आणि सुजवला कोणी, दाढेनं? छे हो, दाढेनं फक्त सुरुवात केली, पुढचं सगळं आमच्या ऑफिसनं! तुम्हाला सांगतो, एकट्या माणसाला कोणी विचारत नाही.

मी प्रोग्रॅमर. दातांच्या दवाखान्यासाठी आम्ही प्रोग्रॅम केला, बाहेर किती जण बसलेत ते आत डॉक्टरीणबाईंना पडद्यावर दिसतं. 'पाच माणसं थांबली आहेत', बरोबर. 'तीन माणसं थांबली आहेत', वा! आणि एकच असला की? 'एक माणसं थांबली आहेत'! बाईंचा फोन, "अहो, माझी चौथीतली लेक हसते याला!" मी साहेबांना म्हटलं, अर्ध्या तासाचं काम, एकासाठी वेगळं वाक्य टाकतो. साहेब खुर्चीत असे मागे रेलले... "एकासाठी वेगळं? उद्या दोनासाठी मागतील, परवा तिनासाठी! एकेकाचे लाड करत बसायचे का आपण?" मग मीटिंग झाली, बिस्किटं झाली, आणि निघालं काय? तर एक असलं की दाखवायचंच नाही! वाक्यच नाही, तर चुकणार कसं? टाळ्या! साहेब इतके खूश, की म्हणाले, सगळ्याच प्रोग्रॅममध्ये टाका. टाकलं! या हातांनी!

आणि त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. डोक्याला मुंग्या येईपर्यंत ठणका! गेलो त्याच दवाखान्यात. बाकडं रिकामं... म्हटलं, नशीब काढलं! काउंटरवरच्या ताईंनी प्रोग्रॅममध्ये नाव घातलं. बसलो. बसलोच. आत बाई मासिक चाळतायत, पानांचा आवाज येतोय मला! म्हटलं, "ताई, सोडा ना आत."

"पडद्यावर आलं की बाई बोलावतात, काका."

काका! "अहो, पण मी दिसतोय ना तुम्हाला?"

"मला दिसताय. पडद्यावर नाही."

शेवटी गाल धरून सांगितलं, तो प्रोग्रॅम मीच लिहिलाय! तर ही गोड हसून म्हणते, "मग तर तुम्हाला नियम माहीतच असेल!" परत बाकड्यावर जाऊन बसलो! एकट्या माणसाला कोणी विचारत नाही हो!

तेवढ्यात एक मावशी आल्या. देवासारख्या आल्या! नाव घातलं, आत पडदा उजळला, 'दोन माणसं थांबली आहेत', दार उघडलं! मी उठलो... तर ताई म्हणतात, "मावशींना आधी जाऊ द्या ना, पाय दुखतात त्यांचे." मावशींचे पाय दुखतात, आणि मी काय इथे गंमत म्हणून गाल फुगवून बसलोय? पण आपण पडलो सभ्य. म्हटलं, जा मावशी. मावशी आत, मी बाहेर. म्हणजे उरले किती? ...कळलं ना? मावशी निघाल्या, बाईंनी पडदा बघितला, कोणी नाही! मागच्या दारानं घरी जेवायला!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तक्रार केली. रीतसर, आपल्याच तक्रारींच्या प्रोग्रॅममध्ये घातली आणि तरातरा साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी पडदा माझ्याकडे फिरवला. कोरा! "कुठाय तक्रार? कोणाचीच नाही!" आणि वर पाठीवर थाप... "बघितलंत? म्हटलं नव्हतं, लोक खूश होतील?"

आता दुसरी कोणाची तक्रार आली, तरच माझी दिसणार. म्हणून विचारतो... तुमच्यापैकी कोणाची दाढ दुखतेय का हो?