डावं चाक बोलत नाही

...आणि वरून मलाच विचारतात, रथ वेळेवर का नाही थांबला? अहो, रथाला काय ब्रेक असतो? मोठ्या देवळांनी बसवलेत म्हणे लोखंडी. आमच्या देवीआईच्या रथाला ब्रेक म्हणजे मी, सुडलैमुत्तू. चाळीस वर्षं हे एवढं धूड माझ्या एका मोगरीवर थांबतंय, चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारला की जागच्या जागी गप... बरं, अर्धं गप. कारण मी नुसतं उजवं चाक. डाव्या चाकाची मोगरी इरुळप्पनकडे, माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाकडे, आणि हा मेव्हणा माझ्याशी एकोणीस वर्षं बोलत नाही.

का, तर माझ्या इसक्कीचे कान टोचायचे होते. कान टोचताना पोर बसवायची मामाच्या मांडीवर, हे शेंबड्यालाही ठाऊक. पण मामासाहेब ताटं घेऊन, वाजंत्री लावून येणार, म्हणजे कधी येणार? सोनार म्हणतो मुहूर्त टळला, पोर भोकाड पसरलेली, मला जन्मात एकदाच घाई झाली, दिलं तिला शेजारच्या दूधवाल्याच्या मांडीवर बसवून आणि घेतले कान टोचून. दुसरं भोक पडतंय तोवर हा दारात, हातात सोन्याची फुलं. मी आपलं गमतीनं म्हटलं, आलात तर दूध पिऊन जा... हसायला नको होतं का त्यानं? फुलं उंबऱ्यावर ठेवली नि गेला तो गेलाच.

तुम्हाला सांगतो, आता त्याच इसक्कीचं लग्न बारा दिवसांवर, आणि मामानं हार घातल्याशिवाय आमच्यात नवरी मांडवात पाय ठेवत नाही. बायको, पेच्ची, भांडली असती तर बरं होतं. ती शांतपणे पीठ ढवळत म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." म्हटलं, आज रथ गावातून फिरून जागेवर यायच्या आत ह्याच्या तोंडून एक शब्द काढायचाच.

पण बोलायचं कसं? आमचं सगळं शिट्टीवाल्यामार्फत. तो रथावर उभा राहून एक शिट्टी मारतो, मी सारतो, दोन मारतो, डावं चाक सारतं. नाव घ्यायचंच नाही ना, म्हणून मी त्याला डावं चाकच म्हणतो.

तर आलो पश्चिमेच्या कोपऱ्यावर. तिथं उतार, आणि समोर आवुडैयप्पन मास्तरांनी पेन्शनीत गेल्यावर काढलेली गॅलरी, रस्त्यावर हातभर पुढे. मास्तर तिच्यात कापूर पेटवून उभे. उजवीकडे पाणकाचे, म्हणजे गुळाच्या सरबताचे, हंडे घेऊन बायका. वळायचं डावीकडे, म्हणजे डावं चाक धरायचं, उजवं फिरू द्यायचं. शिट्टी वाजली, पण ढोल, त्यात बायकांचा उलूलू गजर, ऐकतंय कोण! इरुळप्पननं अंदाजानं मोगरी सारली... आणि ती फुटली. करकर करत दोन तुकडे. रथ वळायचा थांबला आणि सरळ निघाला, मास्तरांच्या गॅलरीकडे. रथाला काय ब्रेक असतो?

मी मोगरी उचलली, पण सारली नाही. कारण मी एकट्यानं सारली तर रथ उजवीकडे फिरणार, बायकांच्या अंगावर. दोन्ही चाकं एकदम धरली पाहिजेत. आणि तो बघतोय वर, शिट्टीवाल्याकडे. शिट्टीवाला डोळे मिटून आईचं नाव घेतोय. दोर ओढणाऱ्यांना मागचं दिसत नाही, ते आपले जोरात. दहा हात राहिले. मी ओरडलो, "ए डावं चाक!" वळूनही बघितलं नाही. आठ हात. "इरुळप्पा!" नाही. मास्तर कापराचं ताट धरून तसेच, माणूस हलेना, पाय चिकटलेले. सहा हात... एकोणीस वर्षं अडकलेलं माझ्या तोंडून बाहेर आलं, "मेव्हणे, दुसरी मोगरी घ्या, माझ्याबरोबर, एक... दोन..."

तीन म्हणायची गरज पडली नाही. दोन्ही मोगऱ्या एकदम गेल्या. रथ असा कण्हला की माझे दात वाजले, मागची चाकं वीतभर उचलली गेली, बसली. वरच्या झालरीनं मास्तरांचा कापूर विझवला, आणि रथ थांबला.

मी चाकाखालून रांगत पलीकडे गेलो. त्याच्या हातातून रक्त येत होतं, माझ्या डोळ्यांतून पाणी, धूळ हो, धूळच. दोन्ही हात धरले त्याचे, म्हटलं, मेव्हणे, माझं चुकलं, पोरीच्या लग्नाला या, मामाशिवाय मांडव ओसाड.

इरुळप्पननं हात सोडवून घेतला, धोतराचा सोगा फाडून बोटाला गुंडाळला, आणि शिट्टीवाल्याला वर ओरडून सांगितलं, "उजव्या चाकाला सांग, पेच्ची आणि पोरगी मागच्या सोमवारीच लग्नाच्या आमंत्रणाचा विडा देऊन गेल्यात. मी येणार आहे, हार घालणार आहे, पोटभर जेवणार आहे. ह्याच्याशी बोलायचं त्यात कुठंच ठरलेलं नाही."