पूजेच्या गाडीनं स्कूटर खाल्ली

स्कूटर कुठं गेली विचारता? ऐका तर. मुलानं नवी कार घेतली, तिची पूजा तिरुनागेश्वरमच्या देवळासमोर. तो कारनं गेला, मी आपल्या स्कूटरनं; ती त्याच्या गाडीमागंच लावली. देवळातल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, चाकांखाली लिंबं ठेवली, गाडीला पुढंमागं गंधकुंकू फासलं. मागच्या कॅमेऱ्यालाही भला मोठा टिळा लावला.

लिंबं चिरडून झाली आणि मुलगा गाडी मागं घ्यायला लागला. गाडी पीं पीं ओरडत होती.

"अरे, मान वळवून बघ!" मी म्हणालो.

"अप्पा, आता मान कोण वळवतं? पडद्यावर दिसतं सगळं."

"काय दिसतं?"

"लाल दिसतंय. सेटिंग बदलायला पाहिजे."

तेवढ्यात कडकड आवाज झाला. माझी स्कूटर मागच्या चाकाखाली.

उतरून त्यानं आधी बंपर पुसला. मग मलाच म्हणाला, "तुम्ही ओरडलात, माझं लक्ष उडालं. आणि या वयात स्कूटर कशाला, अप्पा? आता घरात गाडी आहे ना!"

स्कूटर भंगारात गेली. गाडी दारात कव्हर घालून उभी असते, चावी सुनेच्या कपाटात. आणि मी मेलकावेरीच्या घरून इथं तुमच्याकडं चहाला चालत येतो.