बूट बाहेर काढून या

नाही, पण मला एक सांगा, बूट शिकवायच्या कॉलेजात दारावर पाटी काय असावी? तर ‘बूट-चपला बाहेर काढून यावे’! अहो, पोहण्याच्या तलावावर कोणी ‘अंग भिजवू नये’ असं लिहितं का? तुम्हाला सांगतो, ती पाटी वाचली तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं. पण फिरणार कसा? एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका, आणि मध्ये मी... लग्नात नवरदेवाला धरून आणतात तसा, फक्त आनंद कुणालाच नाही!

झालं होतं असं, की मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते तुम्ही विचारू नका, घरात रोज विचारतात आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं की म्हणतात, ‘उलट बोलू नकोस.’ मग विचारता कशाला? वर्गात बसून मी दोन वर्षं केलं काय, तर लोकांचे पाय बघितले. कुणाची टाच आतून झिजलीय, कुणाचा बूट चावतोय, कोण एक नंबर लहान घालून दिवसभर ओठ दाबून हिंडतोय. अजूनही वर्गातल्या पोरांचे चेहरे आठवत नाहीत, पाय आठवतात. तर एक दिवस जेवताना मी सांगून टाकलं, ‘मला चपला-बूट करायला शिकायचंय.’

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. बाबा म्हणाले, ‘एवढं शिकवलं ते काय चपला करायला?’ मी म्हटलं, ‘तुम्ही घालता त्या कोणीतरी केल्याच असतील ना?’ तर म्हणे, उलट बोलू नकोस!

आणि मग आले काका. आमच्या काकांना मी स्कोपकाका म्हणतो, कारण त्यांना जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल एकच प्रश्न पडतो. त्यांनी मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘दादा, याला फुटवेअर डिझाइन म्हणतात. प्रचंड स्कोप आहे!’ झालं! चप्पल तीच, पट्टा तोच, पण बाबांची पाठ एकदम ताठ. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजाऱ्यांना सांगताना मी स्वतः ऐकलं, ‘चिरंजीव डिझाइनला जातायत.’ ‘कसलं डिझाइन?’ ‘...प्रॉडक्ट.’ म्हणजे शिकायचं ते चालेल, पण उच्चारायचं नाही! आता तुम्हीच सांगा, मी समजायचं काय?

बाबांनी अट घातली. ‘हे शेवटचं. कॉलेज तू निवड, तुझं तू निवड, पण यातूनही पळालास तर सरळ मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. आयुष्यभर.’ तुझं तू निवड, असं म्हणाले आणि दोघं भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे!

पहिलं कॉलेज गल्लीतलं. खाली कुलुपांचं दुकान, वर कॉलेज. जिना चढतानाच सोल चिकटवायच्या गोंदाचा असा भपकारा, की काका मधल्या पायरीवरच म्हणाले, ‘इथे स्कोप दिसत नाही.’ आत खोलीभर पोरं, निम्म्यांच्या बोटांना पट्ट्या, आणि मुख्य सर कोपऱ्यात स्टुलावर, पायात रबरी स्लिपर. बाबांनी विचारलं, ‘प्लेसमेंट किती टक्के?’ सर म्हणाले, ‘जे पळून जात नाहीत, ते लागतात.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. अहो, सगळ्या बोलण्याचा रोख माझ्याकडेच कसा काय वळतो?

मी विचारलं, ‘सर, डिझाइन कधीपासून शिकवता?’ तर म्हणे, ‘डिझाइन-बिझाइन डोक्यातून काढ. पहिलं वर्ष नुसतं चामडं कापायचं.’ माझ्यापुढे एक तुकडा टाकला, हातात सुरी दिली, ‘काप. एका दमात, न थांबता.’ मी कापला. वाकडा आला. सरांनी तो उजेडात धरला, म्हणाले, ‘वाकडा आहे. पण थांबला नाहीस. बरं.’ तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत मला कुणी ‘बरं’ म्हटलं नव्हतं हो! मला तर तिथेच फतकल मारून बसावंसं वाटलं. पण काकांनी दंडाला धरून खाली उतरवलं. ‘वर्षभर कातडं कापणार? मग तो कसाई काय वाईट?’ आता सरांचं ते ‘बरं’ खरं धरायचं, का काकांचं हे? मी समजायचं काय?

म्हणून मग टेकडीवरचं दुसरं कॉलेज. हेच ते पाटीवालं. सगळी काच. बूट रॅकमध्ये ठेवून आम्ही मोज्यांवर आत शिरलो, आणि बाबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर. तिथल्या मॅडम इतक्या गोड बोलायच्या, की आपल्याला काहीतरी आजार आहे असं वाटावं. ‘आमच्याकडे ना, स्टुडंट आधी विचार करायला शिकतो.’ मी म्हटलं, ‘आणि बूट?’ ‘तो तिसऱ्या वर्षी.’ ‘हाताने?’ ‘स्क्रीनवर!’ मशीन दाखवलं, केवढं थोरलं, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. काका प्लास्टिकवरूनच हात फिरवत म्हणाले, ‘याला म्हणतात स्कोप!’ बाबा अंगठा लपवत म्हणाले, ‘स्वच्छता बघ.’

माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. पाणी प्यायचं सांगून बाहेर आलो आणि सवयीने रॅककडे बघितलं... आणि थांबलो. खालच्या फळीवर तपकिरी बूट. जुने. पण काय बूट होते! शिलाई अशी, की टाका कुठे सुरू झाला ते सापडेना. सोल तीनदा बदललेला आणि वरचं चामडं अजून गालासारखं! मी म्हटलं, असे बूट घालणारा माणूस या इमारतीत आहे, म्हणजे इथे काहीतरी आहे. प्लास्टिक गेलं खड्ड्यात. आत जाऊन जाहीर केलं, ‘बाबा, ठरलं. हेच कॉलेज.’ बाबांनी मॅडमच्या हातात हात दिला, काकांनी आईला फोन लावला, ‘वहिनी, सेट झाला!’

आणि बाहेर येऊन मी तो बूट पुन्हा हातात घेतोय तोच मागून आवाज, ‘खाली ठेव. लेस सुटेल.’

गल्लीतले सर! इस्त्रीची पँट, भांग पाडलेला, मोज्यांवर! मी म्हटलं, ‘सर, तुम्ही? इथे?’ ‘आलो होतो जरा कामाला.’ ‘हे बूट तुमचे? कुणी केले?’ ‘कुणी म्हणजे? मी.’ ‘कुठे?’ ‘आपल्याच मागच्या खोलीत.’

आपल्याच म्हणाले हो! संपलं! मी तसाच वळलो आणि म्हटलं, ‘बाबा, हे नाही. गल्लीतलं.’

पुढे जे झालं ते त्या काचेच्या इमारतीने कधी पाहिलं नसेल. दोन मोठी माणसं मोज्यांवर, त्या गुळगुळीत फरशीवर, घसरत घसरत मला झापतायत! बाबा ओरडले, ‘लोक कॉलेज मध्येच सोडतात! हा घ्यायच्या आधी सोडतो!’ काका फोनवर, ‘वहिनी, थांबा, अनसेट झाला!’ मॅडम अजूनही गोड, ‘हा पण एक विचारच आहे.’ आणि सर? सर खाली मान घालून लेस बांधत होते. माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, संकोच वाटत असेल बिचाऱ्यांना. किती वेळ लेस बांधत होते... माझ्या तेव्हाच लक्षात यायला नको?

असो. हट्टाने गल्लीतलंच घेतलं. बाबा आठवडाभर बोलले नाहीत, मग एकदाच बोलले, ‘टिकून दाखव.’ काल पहिला दिवस. जिना चढलो, तो भपकारा छाती भरून घेतला, आत गेलो. कोपऱ्यातल्या स्टुलावर दुसरंच कोणीतरी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठं, हातात पुस्तक, तेही आज पहिल्यांदाच उघडल्यासारखं चाळतंय. मी विचारलं, ‘सर कुठायत?’ शिपाई म्हणाला, ‘तुला माहीत नाही? त्यांनी सोडलं. टेकडीवर लागले. त्या दिवशी मुलाखतीलाच गेले होते ना!’

आता तुम्हीच सांगा, मी समजायचं काय? संध्याकाळी बाबांचा ऑफिसातूनच फोन. ‘कसं आहे?’ म्हटलं, ‘बरं आहे.’ ‘सर शिकवतात नीट?’ म्हटलं, ‘हो.’ दुसरं काय सांगू? खरं सांगितलं तर घरात कोण विश्वास ठेवणार आहे, की या खेपेला पोरगा वर्गात बसलाय आणि मास्तर कॉलेज सोडून पळालाय!